पुढच्या चाकांचं रक्त

रविवारी सकाळी साडेदहा वाजता, इमारतीच्या मागच्या पार्किंगमध्ये, मास्तरांच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून रक्त आलं. ते पाहायला सगळी इमारत जमली होती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. गाडी चालवायला शिकवणारे. त्यांच्या छोट्या गाडीच्या टपावर ‘शिकाऊ’ अशी पाटी होती आणि त्यांच्या बाजूला पायाशी एक जादा ब्रेक होता. त्या ब्रेकवर पाय ठेवून त्यांनी निम्म्या गावाला स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं.

चाकापाशी उकिडवे बसलेले गृहस्थ म्हणजे चाकमहाराज. इस्त्रीचे पांढरे कपडे, बोटात तीन अंगठ्या, हातात फवारा लावलेली निळी बाटली. बाटलीत सिद्धजल.

“माणूस खोटं बोलतो, यंत्राला खोटं बोलता येत नाही,” महाराज म्हणाले. “ज्या चाकाखाली जीव गेला, ते चाक आयुष्यभर रडतं. आपल्याला दिसत नाही इतकंच. सिद्धजल दाखवतं.”

त्यांनी फवारा मारला होता तेव्हा पाणी पाण्यासारखंच होतं. बघता बघता चाकाच्या काळ्या पडलेल्या आऱ्यांवर जांभळी छटा आली, मग लाल ओघळ सुटले आणि टायरवरून खाली फरशीवर टपकू लागले. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर आणि ओढण्या नाकाला लावल्या.

“पापाला वास असतो,” महाराज म्हणाले.

“पण हे जांभळट आहे,” मागून कुणीतरी म्हणालं.

“शिळं रक्त जांभळंच पडतं, बाळा.”

मास्तर गर्दीच्या कडेला उभे होते. आपल्याच गाडीकडे ते असे पाहत होते, जणू ती दुसऱ्या कुणाचीतरी आहे. पुढचं डावं चाक. टायरची हवा जरा कमी वाटते. उद्या भरायला हवी. डोक्यात एवढंच आलं.

थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. पहाटे फिरायला निघालेले मास्तरांचे भाऊजी, म्हणजे वर तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ताईचे यजमान, फाटकाबाहेरच्या वळणावर कुणाच्यातरी गाडीखाली आले. गाडी थांबली नाही. पाहणारं कुणी नव्हतं. पोलिसांना हेडलाइटच्या काचेचा एक तुकडा मिळाला, त्यापलीकडे काही नाही. त्या पहाटे मास्तरही गाडी घेऊन बाहेर पडले होते. त्यांचा पहिला विद्यार्थी कारखान्यात सकाळच्या पाळीला जायचा, त्याला त्याआधी शिकवावं लागे. पोलिसांनी मास्तरांचे दिवे तपासले. काच शाबूत होती. तेवढ्यावर प्रकरण थांबलं होतं.

थांबू दिलं नाही ते सोसायटीच्या सेक्रेटरींनी. त्यांनी कुठूनसे चाकमहाराज शोधून काढले. “पोलिसांच्या हातून काही होत नाही,” ते म्हणाले, “आता वरच्या कोर्टात अपील.”

त्या सकाळी महाराजांनी पार्किंगमधल्या एकेका गाडीचं पुढचं चाक शिंपलं होतं. कुठे दोनचार गुलाबी थेंब आले. “किरकोळ आहे. मांजर-कुत्रं असेल. शुद्धीकरण करून घ्या.” शुद्धीकरणाचा दर गाडीच्या लांबीप्रमाणे होता. सेक्रेटरींच्या गाडीला काहीच आलं नाही. “निष्कलंक!” महाराज म्हणाले, आणि सेक्रेटरींनी मान अशी खाली घातली की ती सगळ्यांना दिसावी. मग मास्तरांची पाळी आली.

ओघळ फरशीवरून ताईच्या चपलेपर्यंत आला. तिनं पाय मागे घेतला आणि भावाकडे पाहिलं.

“तू होतास?”

“नाही,” मास्तर म्हणाले. त्यांच्या कानाला ते शेजारच्या खोलीतून कुणी बोलल्यासारखं वाटलं.

ताई वळली. जिना चढून वर गेली. तिच्या दाराची कडी लागल्याचा आवाज खालपर्यंत आला.

“काचेचं काय मोठंसं?” सेक्रेटरी म्हणाले. “काच बदलायला कितीसा वेळ लागतो!”

महाराजांनी उपाय सांगितला. पुढच्या रविवारी मास्तरांनी सगळ्यांसमोर कबुली द्यायची आणि गाडी आश्रमाच्या स्वाधीन करायची. आश्रम तिचं विसर्जन करील.

“पाण्यात?” तळमजल्यावरच्या आजोबांनी विचारलं.

“विधिपूर्वक.”

“म्हणजे बाजारात,” आजोबा पुटपुटले. पण त्यांच्याही सुनेनं त्याच सकाळी शुद्धीकरण करून घेतलं होतं, म्हणून ते हळूच पुटपुटले.

आठवड्यात विद्यार्थी गळाले. कुणाला ताप आला, कुणाचा विचार बदलला. मास्तर रोज सकाळी ठरल्या वेळी गाडीत जाऊन बसत, काचा पुसत, आरसे लावत आणि थोड्या वेळानं उतरून घरी येत. बायको म्हणाली, “अहो, रागवा तरी. भांडा.” मास्तरांनी विचार करून पाहिला. राग कुठे ठेवलाय ते सापडत नव्हतं. भाऊजी गेल्यापासून बरंच काही सापडत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी भाची खाली आली. ताईची एकुलती एक मुलगी, शाळेत विज्ञान शिकवायची. आईसारखीच बोलायला मोजकी.

“मामा, गाडीची किल्ली नको. नुसती गाडी दाखव.”

पार्किंगमध्ये तिनं पुढच्या उजव्या चाकावरून बोट फिरवलं. बोटाला काळपट तपकिरी भुकटी लागली. काही निघाली, काही चाकात भाजल्यासारखी घट्ट बसली होती. तिनं पर्समधून एक चुंबक काढला, कागदात गुंडाळला आणि त्या भुकटीजवळ नेला. भुकटी उठून कागदाला चिकटली. मग ती मागच्या चाकापाशी गेली. तिथे धूळ होती, पण चुंबकाला जेमतेम काही लागलं.

“मागच्या चाकांना ब्रेक वेगळा असतो का?”

“मागे ड्रम आहेत. झाकलेले. पुढे डिस्क, उघड्या. जोरही पुढच्यांवरच येतो.”

“महाराजांनी मागची चाकं शिंपली?”

मास्तर आठवू लागले. “नाही. म्हणाले, पाप पुढेच धावतं.”

“चाकं कधी धुतली होतीस?”

“काचा, आरसे, दिवे,” मास्तर म्हणाले. हे ते प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगत. “चाकं आपोआप फिरतात, त्यांच्याकडे कोण बघतं.”

“आणि ब्रेक?”

“दिवसभर. शिकणाऱ्याचा एक पाय, माझा एक. तो विसरला की मी मारतो. घाबरला की दोघं मारतो.”

भाचीनं चुंबक कागदातून सोडवला. भुकटी जमिनीवर पडली. उकिडव्यानंच तिनं बोट कागदाला पुसलं.

“मामा, त्या पहाटे…”

“नाही.”

“मला एकदा विचारायचंच होतं.”

“विचार की.”

“विचारलं.” ती उठली. “एक सांगते. मी हे तुझ्यासाठी करत नाहीये. तू असलास तरी त्या बाटलीनं कळणार नाही, आणि नसलास तरी कळणार नाही. एवढंच लोकांना कळायला हवं.”

मास्तरांना ते बरं वाटलं. का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

रविवारी पुन्हा गर्दी जमली, आदल्या वेळेपेक्षा मोठी. शेजारच्या इमारतीतले लोक घरच्या खुर्च्या घेऊन आले होते. महाराजांनी डोळे मिटून काहीतरी म्हटलं आणि मास्तरांना पुढे यायची खूण केली. त्यांच्याऐवजी भाची पुढे आली. तिच्या हातातल्या ताटात दोन पांढऱ्या बशा होत्या.

“महाराज, या दोन बशांवर जरा सिद्धजल मारा.”

“बशीवर?” महाराज हसले. “बाई, हे काय चहाचं दुकान आहे? सिद्धजलाची परीक्षा घेतली की ते कोपतं.”

“कोपलं तर माझ्यावर कोपेल.”

“अहो, बाई माणसानं असा हट्ट…” सेक्रेटरी पुढे झाले.

“गेले ते तिचे वडील आहेत,” आजोबा मोठ्यानं म्हणाले. या वेळी पुटपुटले नाहीत. “तिला नाही तर कुणाला विचारू द्यायचं?”

महाराजांनी बाटली छातीशी धरली. तेवढ्यात ताई गर्दीतून पुढे आली. तिनं त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली. पोराच्या हातातून कात्री काढून घ्यावी तशी. आणि दोन्ही बशांवर फवारा मारला.

पहिल्या बशीतली वाळू ओली झाली. दुसऱ्या बशीतला काळा कीस आधी तसाच राहिला. मग कडेनं जांभळा झाला. मग त्यातून लाल ओघळ निघाले आणि पांढऱ्या बशीत पसरले. तोच वास आला. या वेळी कुणी नाक झाकलं नाही.

“हा लोहकीस,” भाची म्हणाली. “शाळेच्या प्रयोगशाळेतला. सातवीची मुलं याच्यावर चुंबक फिरवतात. यानं कुणाला चिरडलं, महाराज?”

महाराज म्हणाले, “लोखंडातही आत्मा असतो.”

“असेल. पण मामाच्या गाडीचं चाक लोखंडाचं नाही, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं आहे. लोखंड त्याच्यावर बाहेरून आलं. ब्रेक दाबला की लोखंडी डिस्क घासली जाते, तिची बारीक भुकटी उडते आणि तापलेल्या चाकावर बसते. महिनोन्महिने धुतली नाही की पाण्यानं निघत नाही, साबणानं निघत नाही. म्हणून हे औषध. लोखंड लागलं की रंग बदलतं आणि त्याला विरघळवून खाली आणतं. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मिळतं. केस कुरळे करायच्या औषधात याचंच भावंड असतं, म्हणून वास ओळखीचा वाटतो.”

“तरीच!” मागून एक बाई म्हणाली. “मी म्हणतेय, हा वास पार्लरमध्ये…”

“आणि माझी गाडी?” सेक्रेटरींनी विचारलं.

“तुमची चाकं माणूस लावून रोज धुतली जातात. भुकटी नाही, तर रंगही नाही. निष्कलंक नाही, धुतलेली. बस.”

कुणीतरी हसलं, पण पुढे कुणी हसलं नाही.

“मामाच्या गाडीला सगळ्यांत जास्त रंग आला, कारण या पार्किंगमध्ये सगळ्यांत जास्त ब्रेक तोच मारतो.” भाचीचा आवाज वर्गात असावा तसा सपाट होता. “माझ्या बाबांना कुणी मारलं, मला माहीत नाही. रोज सकाळी हे वाक्य मला म्हणावं लागतं. ते म्हणायचा कंटाळा आला, म्हणून मी समोर दिसेल त्याला धरणार नाही. तुम्हीही धरू नका. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. आणि कुणी माहीत आहे म्हणालं, तर आधी त्याच्यापुढे बशी ठेवा.”

महाराजांनी श्रद्धा नसेल तिथे जल आटतं, असं काहीसं म्हटलं. बाटली परत मागायला त्यांनी हात पुढे केला. ताईनं दिली नाही. शुद्धीकरणाचे पैसे परत मागायला चारपाच जण त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले. खुर्च्या उचलल्या गेल्या.

ताई भावासमोर येऊन उभी राहिली. तिनं बाटली त्यांच्या हातात दिली आणि वर गेली. या वेळी कडीचा आवाज आला नाही. मास्तर बराच वेळ कान देऊन उभे होते.

त्यानंतर तीन विद्यार्थी परत आले. बाकीचे आलेले नाहीत. महाराज दुसऱ्या एका वस्तीत दिसल्याचं आजोबांनी सांगितलं. बाटली आता हिरवी आहे म्हणे. पोलीस ठाण्यात मास्तर भाचीबरोबर दोनदा जाऊन आले. काचेचा तुकडा अजून तिथेच आहे. तो कुठल्या गाडीचा, हे कळलेलं नाही.

काल सकाळी, गाडी गार असताना आणि सावलीत असताना, मास्तरांनी उरलेली तिन्ही चाकं धुवायला घेतली. भाचीनं सांगितलं तसं थोडं थोडं शिंपायचं, वाळू द्यायचं नाही, मऊ ब्रशनं आऱ्यांच्या आतून घासायचं, भरपूर पाणी ओतायचं. उजव्या चाकातून लाल ओघळ निघाला आणि फरशीच्या उतारानं गटाराकडे गेला. काळ्या थराखालून धातू वर आला, जवळजवळ पांढरा.

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ताई उभी होती. मास्तरांनी वर पाहिलं. ती खाली आली नाही. आतही गेली नाही.