लोण्यातली बोटं

सोमवारी सकाळी कसबा बावड्यातल्या त्या गल्लीत दुचाकी घालायलाही जागा उरली नव्हती. सिद्धरामअप्पांच्या दारापासून निघालेली रांग थेट पिठाच्या गिरणीपर्यंत पोचली होती. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होता, हवेत मळीचा वास होता, आणि त्या वासात उभ्या राहून बायका लोण्याची वाट बघत होत्या. कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या हातात नारळ, मोबाईल मात्र सगळ्यांच्याच हातात. एक बाई कागलहून कडेवर पोर घेऊन आली होती. पोराला अजून बोलता येत नव्हतं, आणि या लोण्यानं जीभ सुटते असं तिला कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं.

आत घंटा वाजली. शिवतेज महाराजांनी पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला लाकडी साचा थाळीवर पालथा घातला, वर दोन टिचक्या मारल्या आणि अलगद उचलला. थाळीत लोण्याची लांबट वडी राहिली. वडीच्या पाठीवर चार बोटं उमटली होती, आणि त्यातलं मधलं बोट एका पेरानं तुटकं होतं.

ते बोट कुणाचं हे गल्लीत सांगावं लागत नव्हतं. चन्नम्माचं मधलं बोट ती नवी नवरी असताना कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडून तुटलं होतं. त्या चन्नम्माला, म्हणजे अप्पांच्या बायकोला, घरादाराच्या अव्वेला, जाऊन आता दोन महिने होत आले होते.

लोकांनी हात जोडले. स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी असलेली वर्षाराणी मात्र एक पाऊल मागं सरली. ती अव्वेची सून. इथल्याच हायस्कुलात विज्ञान शिकवणारी बाई, पोरांना घर्षण आणि गुरुत्वाकर्षण फळ्यावर काढून दाखवणारी. आणि हीच बाई दीड महिना स्वतःच्या घरातला फ्रीज उघडायला घाबरत होती. पुस्तकातलं ज्ञान पुस्तकात राहतं आणि भीती घरात राहायला येते, त्यातला हा प्रकार.

भीतीला कारण होतं. अव्वेचं लोणी हा या घरातला कुळाचार होता. रोजची साय डब्यात साठवायची, तिला विरजण लावायचं, आंबूस वास सुटला की रवीनं घुसळायचं. लोणी वर आलं की थंड पाण्यात धुऊन धुऊन त्यातलं ताक काढायचं आणि दर सोमवारी ते साच्यात भरून महादेवापुढं ठेवायचं. साचा तिनं माहेराहून, चिकोडीकडून आणला होता. सागवानी, वीतभर लांब आणि हात जेमतेम शिरेल एवढा अरुंद. त्याला ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

मग तिला हृदयाचा झटका आला. डॉक्टरांनी लोणी, तूप, साय सगळं बंद केलं आणि ते पाळायचं काम वर्षाराणीच्या गळ्यात पडलं. घरात कुणी तरी वाईट व्हावंच लागतं. अव्वा रोज बोटभर लोणी मागायची आणि वर्षाराणी रोज नाही म्हणायची. एकदा अव्वा वर्षाराणीनं नुसत्या पाण्यानं विसळून ठेवलेल्या साच्याकडं बघून एवढंच म्हणाली, "मग ह्यो कशाला वाळत घातलाईस?" त्याच आठवड्यात ती गेली.

ते वाक्य काही गेलं नाही. अव्वेचं दिवसकार्य, म्हणजे शिवगणाराधना, झाल्यावर पहिल्या सोमवारसाठी वर्षाराणीनंच साय घुसळली. अव्वेची रीत मोडायला नको म्हणून संध्याकाळी चमच्यानं साचा भरला, वरून सुरीनं लोणी गुळगुळीत केलं, फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी तिनं तो पालथा घातला आणि तिच्या हातातून निसटला. लोण्यावर अव्वेचा हात होता. पालथा नव्हे, उताणा. काही मागताना पसरतात तसा.

तिच्या नवऱ्यानं, महांतेशनं, ते बघितलं आणि मटकन खाली बसला. काल संध्याकाळी आपण स्वतः बघितलं होतं, वरनं लोणी आरशागत होतं, असं तो येईल त्याला शपथेवर सांगू लागला. शेजारच्या अंबूबाईनं फोटो काढला. मग काय, दुपारपर्यंत तो शिरोलीपर्यंत पोचला होता, आणि चार दिवसांत फोटोच्या मागोमाग महाराज आले.

हे शिवतेज महाराज पूर्वी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत हिंडायचे म्हणे. आता माणसं शुद्ध करत होते. वाणी मात्र तीच, गिऱ्हाइकाला श्वास घेऊ न देणारी. दूध म्हणजे देह, विरजण म्हणजे कर्म, घुसळण म्हणजे संसार, आणि वर तरंगतो तो आत्मा म्हणजे लोणी, असं ते एका दमात सांगत. आत्मा हा सिग्नल आहे आणि लोणी त्याचा टॉवर आहे, हेही सांगत. ते ऐकून शिकलेली माणसंसुद्धा मान डोलवायची, कारण टॉवर सगळ्यांनाच कळतो.

पहिल्या दिवशी त्यांनी साचा मागून घेतला आणि आत हात घातला. क्षणभर त्यांचा चेहरा बदलला, हे वर्षाराणीनं बघितलं होतं. मग त्यांनी घाईनं साचा फडक्यात गुंडाळला. तेव्हापासून तो भरायचा महाराजांनी, उघडायचा महाराजांनी. आत बघायचं नाही, बोट घालायचं नाही, घालेल त्याचा हात जळेल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दर सोमवारी बोटं उमटायची. महाराज कमंडलूतलं पाणी तळव्यावर घेऊन लोण्यावरून हात फिरवायचे आणि बोटं नाहीशी व्हायची. "अव्वा शांत झाली," असं ते म्हणायचे आणि गल्ली जयजयकार करायची. पुढच्या सोमवारी अव्वा पुन्हा अशांत. असं चाललं होतं.

आणि आज निकाल होता. महाराजांनी आधीच महांतेशला खासगीत सांगून ठेवलं होतं. हात मागतोय. सुनेनं तोंडचं लोणी तोडलं, म्हणून अव्वा या घराला धरून बसलीय. तेव्हा सुनेनं वर्षभर घर सोडावं, दुधाला शिवू नये. आणि पुढची खोली अव्वेचं स्थान म्हणून महाराजांच्या नावे सोडावी. महांतेश वाईट माणूस नव्हता, पण घाबरलेला होता. त्यानं बायकोची बॅग रात्रीच भरून ठेवली होती. वर्षाचं काय घेऊन बसलीस, तुझं निपाणीचं माहेर काय लांब न्हाय, असं तो तिच्याकडं न बघता म्हणाला. तिची नोकरी, तिचं घर, सगळं त्या बॅगेत कसं मावणार होतं हे त्यानं विचारात घेतलं नव्हतं.

खरं सांगायचं तर वर्षाराणी जायला निघालीच होती. तिलाही वाटत होतं, हात आपल्याकडंच मागतोय.

"अप्पा, या. दर्शन घ्या," महाराज म्हणाले.

सिद्धरामअप्पा काठी टेकत पुढं आले. बायको गेल्यापासून ते फारसं बोलत नव्हते. फक्त सोमवारची वाट बघत. त्यांनी काठी भिंतीला लावली, वाकले, आणि थाळीतल्या त्या चार बोटांवर आपली चार बोटं ठेवली. दाबली नाहीत. आजारी माणसाचा हात हातात घेतात तशी नुसती ठेवली. त्यांचे डोळे भरून आले आणि रांगेतल्या बायकाही रडू लागल्या.

वर्षाराणी रडली नाही. ती अप्पांच्या हाताकडं बघत राहिली. त्यांची बोटं अव्वेच्या बोटांवर टेकली होती. बोटांवर. बोटांत नव्हे.

माणूस लोण्यात हात रोवतो तेव्हा खड्डा पडतो. ओल्या सिमेंटवर कुत्रं गेलं तर खड्डा पडतो, चिखलात म्हशीचा पाय पडला तर खड्डा पडतो. इथं खड्डा नव्हताच. बोटं वर आली होती. जिवंत माणूस असो की मेलेला, वरून हात ठेवून लोणी वर उचलता येत नाही. ती वर येतील ती फक्त एकाच रीतीनं, साच्याच्या तळाशी लोण्याला खाली जायला आधीच जागा असेल तर.

ती चौकट ओलांडून पुढं आली. गर्दी कुजबुजली. महाराजांनी साचा पोटाशी धरला.

"साचा द्या," ती म्हणाली.

"बाई, हात जळंल."

"जळू दे की. माझाच हाय."

तिला भीती वाटत नव्हती असं समजू नका. दीड महिन्याचं भूत एका विचारानं पळत नाही. तिनं साचा ओढून घेतला, फडकं सोडलं आणि आत हात घातला.

हात जळला नाही. तळाशी गार, ओलं लाकूड लागलं. बोटं सरकवली तशी ती आपोआप चार खोलगट वाटांत जाऊन बसली. एक, दोन, तीन, चार. फक्त तिचं मधलं बोट पुरतं मावलं नाही. त्याची वाट एक पेर आधीच संपली होती.

तिनं हात बाहेर काढला आणि गर्दीत अंबूबाईला शोधलं.

"अंबूबाई," तिनं हाक मारली, "चपातीची कणीक मळलीय का? जरा घेऊन या."

अंबूबाई कणकेचा गोळा घेऊन आली. वर्षाराणीनं तिलाच तो साच्यात भरायला लावला, तिलाच दाबायला लावला, तिलाच पालथा घालायला लावला. परातीत कणकेची वडी पडली. पाठीवर चार बोटं, मधलं तुटकं.

महाराज हार मानणाऱ्यातले नव्हते. आत्म्यानं आता अन्नात प्रवेश केला, असं त्यांनी जाहीर केलं. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "मग चिखल भरा की. त्यात बी येती का बघू." पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. हसू मोठं वाईट, एकदा सुटलं की महाराजांना जागा उरत नाही.

"पण पयल्या वेळी आदल्या सांजेला लोणी वरनं गुळगुळीत हुतं," महांतेश पुटपुटला. "मी बघितलं हुतं."

"वरनं होतं. साचा पालथा घातल्यावर तुमचं वरचं खाली गेलं. आपण बघतोय ती तळाची बाजू," वर्षाराणी म्हणाली. "त्या तळाला अव्वा रांगोळीची पूड घेऊन घासायच्या. आत हात हलायला जागा न्हाय, म्हणून बोटं कायम एकाच वाटेनं गेली. इतकी वर्षं. लाकूड झिजलं."

"मग ती असताना का दिसली न्हाईत बोटं?" अंबूबाईनं विचारलं. प्रश्न रास्त होता.

उत्तर अप्पांनी दिलं. ते इतके हळू बोलले की पुढच्या रांगेलाच ऐकू गेलं.

"ती पुसायची. साचा काढला की वल्ला हात फिरवायची लोण्यावरनं. मग बेलाचं पान ठेवायची. आम्ही जवळ यायच्या आधी." ते महाराजांकडं वळले. "तुमी करताय तेच. फकस्त ती जयजयकार करून घ्यायची न्हाय."

महाराजांना एकाएकी कळंब्यातल्या भक्तांची आठवण झाली. गाडी गल्लीच्या तोंडाशीच उभी होती, ते तिकडं निघाले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. साचा परत मागायचंही त्यांना सुचलं नाही.

अप्पा तसेच उभे होते. आपण यांचं काय केलं, हे वर्षाराणीला तेव्हा कळलं. यांना सोमवारी तरी बायको भेटत होती, ती आपण हिसकावून घेतली. तिला बोलावंसं वाटलं आणि धीर होईना. शेवटी ती म्हणाली, "अप्पा, मातीत ठेवताना तुम्हीच म्हणाला होता, अव्वा लिंगैक्य झाली, महादेवात मिसळली म्हणून. त्या कशाला मागत फिरतील? कुणापुढं?"

अप्पांनी हात पुढं केला. तिनं त्यात साचा दिला. त्यांनी बोटं आत घातली आणि डोळे मिटले. कागलच्या बाईच्या कडेवरचं पोर तेवढं हुंकारत होतं.

"ही तिचीच हाईत," अप्पा म्हणाले. "खरी."

रांग पांगली. कागलच्या बाईला वर्षाराणीनं थांबवलं. पोराच्या पाठीमागं तिनं टाळी वाजवली. पोरानं मान वळवली नाही. लोणी घरी खायला घाला, पण याचे कान आधी डॉक्टरला दाखवा, असं तिनं सांगितलं, आणि सीपीआरच्या सरकारी दवाखान्यात कुठल्या खिडकीशी जायचं तेही सांगितलं. बाई थोडी रागावूनच गेली, पण गेली त्याच दिशेनं. महांतेशनं बॅग उचलून आत नेली आणि कपडे एकेक करून कपाटात लावले. तिनं मात्र त्याला लगेच माफ केलं नाही.

अव्वेला बोटभर लोणी द्यायला हवं होतं का, हे वर्षाराणीला आजही छळतं. ते छळणारच. पण मनाची टोचणी ही टोचणी असते, तिला भूत म्हटलं की कुणी तरी महाराज तिच्यासाठी घरातली खोली मागतो. म्हणून मंडळी, एवढंच करा. भीती वाटली तर वाटू द्या, रडू आलं तर रडा. पण कुणी म्हणालं की आत बघू नका, हात जळेल, तर आधी तिथंच हात घाला.

पुढच्या सोमवारी लोणी पुन्हा वर्षाराणीनंच काढलं. साचा उचलला, चार बोटं वर आली. तिनं तळवा पाण्यात बुडवला आणि थांबली.

"अप्पा, पुसू का राहू दे?"

अप्पांनी वाकून बघितलं. मग शेजारच्या वाटीतलं बेलाचं पान उचलून हातात धरलं.

"पूस," ते म्हणाले. "ती पुसायची."