लोकरीच्या कव्हरात गुदमरलेली

मी नेत्राची गेमची मशीन बोलतेय. टोकियोच्या तोयोसु भागातल्या एका टॉवरच्या वरच्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर पडले आहे. माझ्या पडद्यावर एकच प्रश्न उभा आहे: सगळं पुसून टाकायचं का? खाली 'हो' आणि 'नाही'. नेत्राचे बाबा, सारंग, माझा जुना खोका शोधायला आत गेलेत. खोका मिळाला की 'हो' दाबतील आणि मला जुन्या वस्तूंच्या दुकानात देऊन येतील. म्हणे, मी मंद झाले. खोटं आहे ते, आणि मी ते ऐकून घेणार नाही.

माझी घडण समजून घ्या. माझ्या पोटात चित्रं रंगवणारा नखाएवढा तुकडा आहे. काम पडलं की तो तापतो. पाठीवरच्या जाळीतून पंखा त्याला गार ठेवतो. वारा अडला, तर तो जळून जाऊ नये म्हणून आपणच हात आखडता घेतो. यात माझं वय कुठे आलं?

नेत्रा इथेच जन्मली. मराठी कळतं, पण उत्तर जपानीत. मग मागच्या हिवाळ्यात पुण्याहून कुमुदिनीआजी आल्या. आजी-नात समोरासमोर बसायच्या आणि दोघींमध्ये नुसता चहा निवायचा. शेवटी एका दुपारी आजींनी मलाच उचललं.

माझ्यातला खेळ भारी. डोंगर, धबधबे, पान न् पान हलणारं जंगल. लोक त्यात लढाया करतात. आजींनी एकही केली नाही. एक रानातली घोडी धरली, तिला चंद्री म्हणू लागल्या आणि फिरत सुटल्या. पडद्यावरची अक्षरं सगळी जपानी, आजींना ओ की ठो कळेना. मग नेत्राला मराठीत सांगावंच लागलं.

"आजी, डावीकडे. ही नाही, दुसरी डावी."

"मग आधी सांगायचं ना, इथे डाव्या दोन असतात म्हणून."

नेत्रा लोळून हसली. त्या दिवसापासून माझ्यासमोर ती मराठीच बोलायची. मोडकी, पण बोलायची. लाखांची शिकवणी लावली असती तरी जमलं नसतं ते मी केलं. मिरवते मी, मिरवणारच.

जाताना आजींनी प्रेमाने माझा घात केला. एवढी थंडी आणि ही बिचारी उघडीच, म्हणून जाड लोकरीचं कव्हर विणलं. पडदा आणि बटणं मोकळी, पाठ मात्र पूर्ण झाकलेली. सरकू नये म्हणून कडेने टाके घालून शिवूनच टाकलं. विमान उडालं आणि माझा श्वास कोंडला.

जंगलात शिरलं की चंद्री अडखळू लागली. एक पाय उचललेला तसाच राहायचा, मग एकदम झाडापलीकडे उगवायची. नेत्रा मला थापट्या मारायची. हळूहळू तिने मला हात लावणं सोडलं. फोनवर आजी विचारायच्या, चंद्री बरी आहे ना? नेत्रा जपानीत काहीतरी पुटपुटायची आणि तिची आई, स्वप्ना, त्याचं मराठी करून सांगायची. नातीचं बोलणं आजीला भाषांतर करून सांगायचं. माझ्या डोळ्यांदेखत.

गेल्या रविवारी सारंगच्या ऑफिसातला अंबरीष त्याची नवी मशीन घेऊन आला. आम्हा दोघींना शेजारी ठेवलं. तोच खेळ, तेच जंगल, तोच धबधबा. मोबाइलने दोन्ही पडदे टिपले आणि सेकंदाला कोण किती चित्रं दाखवते ते मोजलं. ती साठ, मी वीसही नाही. ती उघडी आणि मी स्वेटरात. ही कसली बरोबरी?

अंबरीषच्या ध्यानात आलं होतं हो. त्याने ऑफिसातल्या जपानी सवयीने विचारलं, "सारंग-सान, हे काढून बघायचं का?"

नेत्राने दोन्ही हातांनी मला छातीशी धरलं. सारंग म्हणाले, "राहू दे रे, आईने विणलंय."

दोन इंजिनिअर, आणि आईच्या टाक्यांपुढे दोघांची विद्या गप्प. मी आतून तापून ओरडत होते, पंखा घरघरत होता. अंबरीष म्हणाला, बघ, आवाजही करायला लागली, संपली ही.

आता घरात तसलीच नवी मशीन येणार, आणि ती दुसऱ्या कंपनीची. माझ्यातली चंद्री तिकडे जात नाही.

आज सकाळी स्वप्नाने छोट्या कात्रीने टाके उसवले. कव्हर आठवण म्हणून कपाटात ठेवलं, मला टेबलावर टाकलं. आठवण ठेवली आणि ती जिच्यासाठी विणली, तिलाच काढलं. पण वारा लागला मला. किती दिवसांनी.

आत्ता नेत्रा आलीय. तिने 'नाही' दाबलं. निरोप घ्यायला खेळ उघडलाय. चंद्री जंगलात शिरली. धबधब्याखालून, वेलींमधून, एकही पाऊल न चुकता सुसाट निघालीय. साठ, सारंग, साठ. मोज ना आता.

नेत्रा ताठ बसली. "बाबा, बघ ना, चंद्री नीट पळतेय."

सारंग खोका काखेत धरून दाराशी बुटांच्या नाड्या बांधताहेत. पाठ आमच्याकडे. "हो गं. बंद कर आता, दुकान गाठायचंय."

अरे, माझ्याकडे हवं तर नको बघूस. पण पोर मराठीत बोलली. त्यासाठी तरी मागे वळ.