नामाची गळ्याशपथ

देवानं नामाचा हात निवांत घडवला आणि तोंड घाईघाईत बसवलं, असं तुर्भ्याची शेवंताबाई स्वतःच्या पोराबद्दल चारचौघांत सांगायची. कारखान्याच्या कॉलनीतल्या मातीच्या कोर्टावर चेंडू उचलता उचलता तो टेनिस शिकला, आणि सत्याहत्तर साली कंपनीनं त्याला खेळाडू म्हणूनच नोकरीला घेतलं. तिथून पुढं जिथं नामा तिथं भांडण. पंचांशी, आयोजकांशी, एकदा तर बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांशीसुद्धा. कहर म्हणजे चुकीचा निकाल स्वतःच्या बाजूनं लागला तरी हा भांडायचाच. आपल्या बापाचं काय जातंय, पॉइंट घ्यावा नि गप बसावं, असं तिनं कितीदा समजावलं. पण गप बसेल तो नामा कसला!

दोनदा बंदी आली. मग टेनिस संघटनेच्या सेक्रेटरींनी बजावलं, आता तोंड उघडलं तर कायमची बंदी आणि खेळाडूची नोकरी खलास. गेटवर गोण्या उचलायच्या. शेवंताबाईची जमीन सरकारनं नव्या शहरासाठी घेतलेली, घर याच्या पगारावर चाललेलं. तिनं नामाला समोर बसवलं, त्याचा हात आपल्या गळ्याला लावला आणि वदवून घेतलं, की कोर्टावर ब्र काढणार नाही. गळ्याशपथ मोडली तर आई मरते, हे तुर्भ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि जिच्या गळ्याची घेतली तिनंच ‘सुटली’ म्हटल्याशिवाय ती सुटतही नाही.

त्र्याऐंशीच्या जिल्हा स्पर्धेच्या फायनलला शेवंताबाई पहिल्या रांगेत जाऊन बसली, चिरंजीवांवर नजर ठेवायला. समोर ठाण्याचा श्यामसुंदर. नामा इतका गुण्यागोविंदानं खेळला की बघणाऱ्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. नामाला जिंकायला एकच पॉइंट हवा होता, तेव्हा श्यामसुंदरचा फटका शेवंताबाईच्या नाकासमोर रेषेवर पडला. चांगला चुना उडाला, म्हणजे चेंडू आतच. पंच म्हणाले, आउट. टाळ्या पडल्या.

नामा जागचा हलला नाही. त्यानं तोंड उघडलं, मिटलं आणि आईकडं बघत राहिला.

शेवंताबाईला आधी पगार दिसला. मग तिचं शेत मोजायला आलेला सरकारी माणूस दिसला. त्यानं बांध आत सरकवून मोजणी केली होती आणि अख्खा गाव असाच तोंड मिटून उभा होता. तेव्हाचा राग तिच्या पोटात अजून तसाच होता. ती उठली.

"सुटली रं," ती म्हणाली. "माजी शपथ सुटली. भांड."

आणि नामा भांडला. काय भांडला! पंचांना खुर्चीवरून उतरवून चुन्यातला वण बघायला लावला, श्यामसुंदरच्या वतीनं तावातावानं बोलला, आवरायला आलेल्या सेक्रेटरींनाही सोडलं नाही. भांडणापायी नामाला सामन्यातून बाद केलं, कप श्यामसुंदरला गेला. नामाला कायमची बंदी.

सोमवारी तो गेटवर ट्रक भरत होता. शेवंताबाई डबा घेऊन आली, पण मान वर होईना. कसंबसं विचारलं, राग आला काय माजा?

नामानं भाकरी मोडली. "राग कसला आये? जरा लवकर सुटली म्हनाली असतीस, तर दुसऱ्या सेटात चुकून मला दिलेले दोन पॉइंटपन त्याला देऊन टाकले असते."

शेवंताबाईनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिथंच गोणीवर बसून रडली.