एम-टेन पुढे गेली

ट्राममध्ये बाबागाडी चढवायची म्हटलं की मैथिलीला नको व्हायचं. आधीच्या गावी, इंगोलश्टाटला होते तोवर हा प्रश्न नव्हता. तिथे दारात मोटार होती. अवनीला तिच्या सीटमध्ये बसवायचं, पट्टा आवळायचा, दोनदा ओढून बघायचा, निघायचं. पण नवऱ्यानं, हृषिकेशनं, बर्लिनची नोकरी घेतली, मोटार विकली, आणि घरासमोरून जाणारी पिवळी एम-टेन ट्राम हेच घरचं वाहन झालं. नऊ महिन्यांच्या लेकीला घेऊन मैथिली त्यात अशी उभी राहायची, जणू ट्राम तीच चालवतेय. एक हात बाबागाडीच्या दांड्यावर, एक खांबाला, डोळे दारावर.

त्या शनिवारी सोबत सासूबाईही होत्या. शुभदाताईंना पुण्याहून येऊन सहा आठवडे झाले होते. सहा आठवड्यांत त्यांनी नातीला न्हाऊमाखू घातलं, भरवलं, झोपवलं. पण तिला एकटीनं घेऊन घराबाहेर पडायचा योग काही आला नव्हता. मैथिली नाही म्हणायची नाही. ती फक्त म्हणायची, "थांबा आई, मी पण येते."

मैत्रिणीकडे, लतिकाकडे, चैत्रातलं हळदीकुंकू होतं. निघतानाच मैथिलीनं बजावलं, "आई, ट्राम कुठेही थांबली तरी मी 'चला' म्हटल्याशिवाय उतरायचं नाही हं. दारं पटकन बंद होतात."

"बरं."

"आणि बाबागाडीचा ब्रेक..."

"लावायचा. कळलं गं. काल सांगितलंस, परवाही सांगितलंस."

लतिकाकडे दुपार झकास गेली. आठ-नऊ बायका, सगळ्या एकदम बोलणाऱ्या. कैऱ्या कुठे मिळाल्या नाहीत म्हणून लतिकानं आंब्याच्या डाळीत हिरवी सफरचंदं किसून घातली होती. "सांगितलं नसतंस तर कळलंही नसतं," असं शुभदाताई तिला म्हणाल्या, आणि जिना उतरताना सुनेला म्हणाल्या, "कळलं असतं."

निघताना मात्र सगळी घाई झाली. अवनीनं भोकाड पसरलं, एक मोजा सापडेना, त्यात ओटीच्या भिजवलेल्या हरभऱ्यांची पिशवी गळायला लागली. थांबा लतिकाच्या घराखालीच होता. दोघी पोचल्या तशी ट्राम आलीच. एका मुलीनं बाबागाडीला पुढून हात दिला. शुभदाताई शेजारच्या सीटवर टेकल्या, मैथिलीनं ब्रेक लावला, तो लागलाय का ते पाहिलं, बॅग दांड्याला अडकवली. बॅगेत फोन, पाकीट, घराची किल्ली, लंगोट, सगळा संसार.

तेवढ्यात हाक आली. "मैथिली, अगं थांब की."

लतिका रस्ता ओलांडून येत होती. भरजरी साडी, पायात नवऱ्याच्या सपाता आणि हातात कुंकवाचा करंडा.

"कुंकू लावायचंच राहिलं तुला."

"असू दे गं, लतिका."

"असं कसं असू दे? चैत्रात तशीच गेलीस तर आमची आई मला व्हिडिओ कॉलवर सोलून काढेल. वाक जरा."

ट्राम उभी होती. लोक चढतच होते. एका सेकंदाचं काम, म्हणून मैथिली दारातून वाकली. वाकून जमेना म्हणून एक पाय फलाटावर ठेवला. लतिकानं हळद लावली, कुंकू लावलं आणि करंडा तिच्यापुढे धरला. आता समोरचीनं लावलं की आपणही उलट लावायचं, हे काही ठरवून करावं लागत नाही; हात आपोआप जातो. मैथिलीचा हात गेला, आणि हातामागोमाग दुसरा पायही खाली आला. लतिकाच्या कपाळावर बोट टेकलं तेव्हा मागे टुंग टुंग झालं.

दारं मिटली. मैथिलीनं वळून बटण दाबलं, पण त्यातला दिवा विझला होता. काचेतून सासूबाईंचा चेहरा दिसला, जरासा आश्चर्यचकित, आणि त्यांच्यामागे अवनीची टोपी. मग नुसता ट्रामचा पिवळा पाठचा भाग दिसला आणि तोही लहान होत गेला.

"फोन लाव त्यांना," लतिका म्हणाली.

"माझा फोन बॅगेत आहे. बॅग तिकडे."

"मग मी वर जाऊन तुझ्या फोनवर करते. त्या उचलतील."

"तो सायलेंटवर असतो. गेले नऊ महिने."

"आणि त्यांचा?"

"त्यांचा वायफायशिवाय चालत नाही."

पुढची ट्राम सहा मिनिटांनी होती. सहा मिनिटं उभं राहणं मैथिलीला शक्य नव्हतं. तिनं निऱ्या मुठीत धरल्या आणि रुळांच्या कडेकडेनं पळत सुटली. पुढचा थांबा काही लांब नव्हता. आई तिथे उतरून उभ्या असतील, असणारच, कोणीही तसंच करील. पळता पळता तिला हेही आठवलं की बाबागाडी उतरवायला दोन माणसं लागतात, की आईंना जर्मनमधलं 'डांके', म्हणजे थँक्यू, सोडून काही येत नाही, की पाकीटही बॅगेतच आहे. बॅगेवर पत्ता लिहिलेला नव्हता. सुटकेसवर लिहितो आपण, आणि बाळाच्या बॅगेवर नाही.

थांब्यावर एक कुत्रा आणि त्याची मालकीण होती. बाकी कोणी नाही.

"एक आजी उतरल्या का इथे? बाळ घेऊन? पिवळी साडी?" मैथिलीनं विचारलं. मालकिणीनं मान हलवली आणि तिच्या कपाळाकडे जरा काळजीनं पाहिलं. पळताना घामानं कुंकू ओघळून नाकापर्यंत आलं होतं.

मागची ट्राम आली तशी मैथिली पुढे जाऊन ड्रायव्हरच्या खिडकीवर बोटं आपटायला लागली. पाच वर्षांत कमावलेलं जर्मन कुठच्या कुठे गेलं. "माझं बाळ पुढच्या ट्राममध्ये," एवढं एकच वाक्य तिला जमलं, ते तिनं तीनदा म्हटलं. ड्रायव्हर मिशाळ, पन्नाशीचा. त्यानंही आधी कपाळ पाहिलं.

"तुम्हाला लागलंय का?"

"नाही, नाही. हे धार्मिक आहे."

"आल्झो, म्हणजे बाळ एकटंच आहे?"

"सासूबाई आहेत."

"मग एकटं कुठे आहे?" तो म्हणाला, आणि तिला आत चढायची खूण करून वायरलेसवर बोलायला लागला.

मैथिली त्याच्या केबिनच्या दाराला चिकटून उभी राहिली. ट्राम सुटली. प्रत्येक थांबा जवळ आला की ती काचेला नाक लावायची आणि प्रत्येक थांब्यावर पिवळ्या साडीऐवजी पिवळा कचऱ्याचा डबा, पिवळं जाकीट, पिवळी सायकल असायची. ग्राइफ्सवाल्डर श्ट्रासे गेलं. मग ड्रायव्हरनं दार किलकिलं केलं.

"सापडल्या. बाळ झोपलंय. पुढच्या ड्रायव्हरनं त्यांना खाली उतरून थांबायला सांगितलं."

"उतरल्या?"

"नाही. तो दोनदा आत जाऊन आला. बाबागाडीला हात लावायला गेला तर त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली." तो मिशीतल्या मिशीत हसत होता. "तो म्हणतो, आजीला यायचं नाहीये. मग निघाला तो. तोही काय करणार, त्याच्यामागे आपण."

बाळ झोपलंय, एवढंच मैथिलीनं ऐकलं. ती मागच्या सीटवर मटकन बसली आणि लांडसबर्गर आलेए हा थांबा येईपर्यंत रडली. समोरच्या बाईनं तिला कागदी रुमाल दिला. तिनं नाक पुसलं, आणि रुमाल लालभडक झालेला बघून ती बाईच घाबरली.

फ्रँकफुर्टर टोरला, म्हणजे त्यांच्या घरच्या थांब्यावर, पिवळी साडी दिसली. शुभदाताई बाकावर बसल्या होत्या. बाबागाडी शेजारी, ब्रेक लावलेली. बाजूला टोपीवाले एक जर्मन आजोबा बसले होते, आणि दोघांच्या मध्ये ओटीच्या हरभऱ्यांची पिशवी. आजोबा एकेक हरभरा उचलून विचारपूर्वक चावत होते.

दारं उघडायच्या आत मैथिलीचा हात बटणावर होता. "आई, अवनीला हरभरे नाही ना दिलेत? घशात..."

"झोपलीय ती," शुभदाताई म्हणाल्या. "आणि मी दोन पोरं वाढवली आहेत. हरभरे ह्यांना दिले. ह्यांनी गाडी उतरवायला मदत केली." आजोबांनी टोपी उचलली.

मैथिलीनं अवनीला पाहिलं. गाल पाहिला, हात पाहिले, नाकाखाली बोट धरून श्वासही पाहिला. मग बाकाची कड धरून ती खाली बसली.

"मी किती शोधलं तुम्हाला. पुढच्याच थांब्यावर का नाही उतरलात?"

"तूच म्हणालीस, 'चला' म्हटल्याशिवाय उतरायचं नाही."

"अहो आई, मी खाली राहिल्यावर कोण 'चला' म्हणणार?"

"ते माझ्याही लक्षात आलं. पण नको तिथे उतरले, आणि तू तिसरीकडेच गेलीस, मग? घर कुठेय ते मला माहीत होतं. जाताना मी बोटांच्या पेरांवर थांबे मोजले होते. दहावा आला, उतरले. तू घरी येणार नाहीस तर जाशील कुठे?"

"ड्रायव्हर उतरा म्हणत होता तेव्हा तरी..."

"तो कोण कुठला? गणवेश घातला म्हणजे झालं? तू उतरली असतीस बाळाला घेऊन?"

मैथिलीनं विचार केला. "नसते."

"मग." शुभदाताईंनी पिशवीची गाठ मारली. "हरवली होतीस ती तू. आम्ही दोघी आपल्या ट्राममध्ये होतो."

मैथिली हसायला लागली, ती थांबेना. आजोबांनी हातात उरलेले हरभरे खिशात घातले आणि निरोप घेऊन निघून गेले.

"पळून पळून दमलीस," शुभदाताई म्हणाल्या. "तू घरी जा. तोंड धू आधी, भुतासारखी दिसतेस. लतिकाला फोन कर, तीही बिचारी रडत असेल. ही उठेपर्यंत मी हिला कोपऱ्यावरच्या बागेतून फिरवून आणते."

मैथिलीनं तोंड उघडलं. उन्हाची बाजू, सिग्नल, सायकलवाले, कुत्री, टोपी, ब्रेक. सगळं जिभेवर येऊन ठेपलं. शुभदाताई बाबागाडीच्या दांड्याला धरून वाट पाहत होत्या. सांग काय सांगायचंय ते, अशा चेहऱ्यानं.

"फोन आणि किल्ली तेवढी काढून घेते बॅगेतून," मैथिली म्हणाली.

सिग्नलवरचा हिरवा माणूस लागला. शुभदाताईंनी आधी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं आणि बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडला. मधेच अवनी जागी झाली असावी, कारण गाडीतून एक मोजा नसलेला पाय वर आला आणि हवेत हलायला लागला. मैथिली थांब्यावर उभी राहून बघत होती. पिवळी साडी झाडांआड गेली. आणखी एक एम-टेन आली, थांबली, दारं उघडून मिटली आणि निघून गेली. मग मैथिली चहा टाकायला घराकडे वळली.