पान चोवीस

मेट्रनबाईंचा विश्वास फक्त दोन गोष्टींवर होता: कुलपावर आणि स्वतःच्या हाताने मोजलेल्या गोळ्यांवर. रुग्णालयातल्या औषधांच्या कपाटाची किल्ली एकतीस वर्षं त्यांच्या कमरेला होती. निवृत्त झाल्यावर किल्ली गेली, नजर मात्र राहिली. भाजीवाला "ताजी आहे" म्हणाला, की त्या आधी देठ मोडून बघायच्या. भाची "मावशी, आज छान दिसतेस" म्हणाली, की विचारायच्या, "काय हवंय?"

त्यामुळे इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे आणि त्यात कुणीही येऊन लिहू शकतं, हे भाचीने सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "आणि किल्ली कुणाकडे असते?"

"कुणाकडेच नाही. सगळे सगळ्यांवर लक्ष ठेवतात."

"मग ठीक आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. एवढी एकच गोष्ट त्यांना पटली.

भाची शाळेत इंग्रजी शिकवायची आणि त्यांच्याकडेच राहायची. तिने त्यांना सोप्या इंग्रजीतली आवृत्ती उघडून दिली. छोटी वाक्यं, रोजचे शब्द, एका वाक्यात एकच गोष्ट. बाईंचं इंग्रजी औषधांच्या चिठ्ठ्यांवर पोसलेलं, त्यांना ते लगेच मानवलं. चार दिवसांनी त्यांना तिथे स्वतःच्या रुग्णालयाचा लेख सापडला. सगळा मिळून नऊ वाक्यांचा. त्यातलं सातवं वाक्य असं होतं: "जुन्या लिफ्टच्या दाराला एक सुरक्षेचा खटका आहे. तो एका कारखान्यात बनवला." मोजली तर ही दोन वाक्यं होतात, पण बाईंना तेव्हा मोजायचं भान नव्हतं.

"एका कारखान्यात!" त्या ओरडल्या. "त्याला बनवणाऱ्याला नाव नव्हतं का?"

लिफ्ट मजल्यावर नीट थांबेपर्यंत दार उघडू न देणारा तो खटका त्यांच्या नवऱ्याने बनवला होता. कारखान्यात त्याचा एक भागीदार होता. हातात कायम कानस, म्हणून सगळे त्याला कानसच म्हणायचे. नवरा वारला आणि महिन्याभरात रुग्णालयाची पन्नास वर्षांची स्मरणिका छापून आली. तिच्यात लिफ्टसमोर उभ्या दोघांचा फोटो होता. फोटोखाली कानसचं पूर्ण नाव आणि पुढे "व सहकारी". माणूस जाऊन तीस दिवस होत नाहीत तोच तो सहकारी झाला! बाईंनी तिथल्या तिथे बँडेजची कात्री घेतली, पान उभं कापलं, नवऱ्याचा अर्धा भाग चौकटीत बसवला आणि उरलेल्या कागदासकट कानसला केराच्या डब्यात टाकलं. त्याला अठरा वर्षं झाली. दर वर्षी नवऱ्याच्या तिथीला कानसचा फोन यायचा. त्या तो वाजू द्यायच्या.

आता त्यांना नवऱ्याचं नाव जगासमोर लिहायचं होतं. मरायच्या आत एवढं एक काम व्हायला हवं, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांनी लिहिलं: "हा खटका माझ्या नवऱ्याने बनवला. तो हुशार आणि प्रामाणिक होता. दुसऱ्याने श्रेय लाटलं."

वीस मिनिटांत तिन्ही वाक्यं गायब. लेखातल्या बदलांच्या इतिहासाच्या पानावर पुसणाऱ्याचं टोपणनाव होतं, "हिरवी पेन्सिल". त्याने कारणही दिलं होतं: संदर्भ नाही, लेखात स्तुती नको, आपल्या घरच्यांबद्दल लेखात थेट लिहू नये, चर्चापानावर विनंती करावी.

बाईंनी तेच पुन्हा लिहिलं. पेन्सिलने पुन्हा पुसलं.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या मोठ्या जगात त्यांच्या नवऱ्याचं नाव कुणाला खुपणार होतं? पुसण्याच्या वेळा त्यांनी कागदावर उतरवल्या. दोन्ही सकाळी दहा ते बारामधल्या. मग एकदम आठवलं, कानसच्या कानामागे नेहमी एक पेन्सिल असायची. हिरवी!

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्या पिशवी घेऊन मुद्दाम त्याच्या कारखान्यावरून गेल्या. शटर अर्धं वर होतं. आत टेबलावर कॉम्प्युटर चालू होता आणि त्याच्यासमोर एक पांढरं डोकं वाकलेलं होतं. त्यांना आणखी काय पुरावा हवा होता? घरी येऊन त्यांनी चर्चापानावर लिहिलं: "तू चोर आहेस. मी तुला ओळखते."

"कर्ता, क्रियापद, एकही अवघड शब्द नाही," भाचीने कपाळाला हात लावला. "मावशी, सोपं इंग्रजी तुला उत्तम जमलं. पण तिथे असं बोलत नाहीत."

उत्तर दुपारपर्यंत आलं. "मी तुम्हाला ओळखत नाही. मी दुसऱ्या देशात राहतो. कृपया समोरच्याचा हेतू चांगला आहे असं धरून चला. संदर्भ मिळाला तर नाव मी स्वतः घालीन."

"हेतू चांगला धरा!" बाई फणफणल्या. "असं धरून चालले असते, तर कपाटातली एक गोळी शिल्लक राहिली नसती."

मग त्यांनी सापळा लावला. खटक्याला दोन स्प्रिंगा होत्या. वरची दिसायची, आतली बनवणाऱ्या दोघांनाच ठाऊक, आणि नवऱ्याने सांगितल्यामुळे बाईंना. त्यांनी लेखात लिहिलं, "खटक्याला तीन स्प्रिंगा आहेत." हे कळल्यावर भाची खरोखर चिडली. "जाणूनबुजून खोटं लिहिणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा आहे, मावशी! काही न लिहिलेलं परवडलं."

"चोर पकडायला लावलेलं खोटं खोटं नसतं," बाई म्हणाल्या. पण बोलताना त्यांनी भाचीकडे पाहिलं नाही.

सकाळी साडेदहाला तीनच्या दोन झाल्या.

"गावला!" बाई खुर्चीतून उठल्याच. "दोन हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत असणार?"

भाची पडद्यावर वाकली. "अगं, खाली संदर्भ दिलाय. तुमच्या रुग्णालयाची स्मरणिका. ग्रंथालयाने तिची पानं नेटवर चढवलीत म्हणे. पान चोवीस. आकडा आधी सुधारलाय, नावाचं पान पूर्ण वाचून बघतो म्हणतोय." ती मावशीकडे वळली. "मावशी, ही तर तुझ्याकडेही आहे ना?"

स्मरणिका कपाटात तळाशी होती. बावीस, त्यानंतर एकदम पंचवीस. मधल्या पानाचा शिवणीजवळचा दातेरी तुकडा तेवढा उरला होता. फोटो होता पान तेवीसवर. बाईंनी मान वर केली आणि भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा अठरा वर्षं भिंतीकडे तोंड करून टांगलेला होता.

चौकटीच्या मागचे खिळे भाचीनेच उचकटले. बाईंनी चौकट घट्ट धरून ठेवली. फोटोच्या पाठीवर छापील मजकुराचा एक अख्खा रकाना होता. कानसची मुलाखत. सुरुवात केराच्या डब्यात गेली होती, शेवट शिल्लक होता.

"…दोन स्प्रिंगांची कल्पना पूर्णपणे त्याची. मी फक्त कानस चालवली. त्याचं नाव आधी घाला म्हणून छापखान्यात दोनदा जाऊन आलो, पण फोटोची बाजू आधीच छापून झाली होती. निदान इथे तरी लिहा, की बनवणारा तो होता."

त्यापुढे त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

बाईंनी ते तीनदा वाचलं. मग त्या रडल्या, आणि रडताना त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला. ज्या नावासाठी त्या जगाशी भांडत होत्या, ते नाव त्या माणसाने केव्हाच लिहून ठेवलं होतं. कात्री मात्र त्यांची होती.

"ते चोर वगैरे पुसून टाकू या," भाची हळूच म्हणाली.

"पुसता येतं?"

"येतं, पण तिथली रीत वेगळी आहे. चर्चेत आपण बोललेलं पुसायचं नाही. त्यावर रेघ मारायची. चूक दिसत राहते आणि ती मागे घेतली हेही दिसतं."

"मग रेघच मार," बाई म्हणाल्या. "कापाकापी पुष्कळ झाली."

रेघेखाली त्यांनी स्वतः टाइप केलं, एका वाक्यात एकच गोष्ट: "मी बनवणाऱ्याची बायको आहे. स्प्रिंगांबद्दल मी मुद्दाम खोटं लिहिलं. मी चुकले. पान चोवीस मी आज वाचलं. दोघांचीही नावं घाला." आणि रीतीप्रमाणे शेवटी सही.

मग त्यांनी फोन उचलला. नंबर त्यांना पाठ होता, अठरा वर्षं तो न उचलता पाहिलेला.

"भावजी, मी बोलतेय," त्या म्हणाल्या. "स्मरणिकेतली तुमची मुलाखत आज वाचली."

पलीकडे यंत्राचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"आज?" कानस म्हणाला. "वहिनी, मी तर समजत होतो, की तुम्ही ती वाचली आणि तरीही मला माफ केलं नाहीत."