राखेतले चार पाय

मी एक जुनं सागवानी कपाट आहे, मित्रांनो. दुभत्याचं, जाळीच्या दारांचं. मला बघून नाक मुरडावंसं वाटलं तर खुशाल मुरडा. माझी मलाच किळस येते.

पिराजी सुतारानं मला घडवलं ते शांतिनाथ आण्णांच्या घरासाठी. दूध-दह्याला वारा लागावा म्हणून दारांना बारीक जाळी लावली आणि खाली वीतभर उंचीचे चार पाय दिले. आण्णांची बायको चंदनाबाई तेव्हा नव्यानं नांदायला आल्या होत्या. शेजारणी अशा कपाटांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत. मुंग्या चढत नसत, पण बुडून मरत. हे घर जैनांचं. चंदनाबाईंनी वाट्यांत चुलीची राख भरली. मुंगी राखेपर्यंत यायची आणि मुकाट मागं फिरायची. आत गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, आणि सायीचं दही. तीस वर्षं मी सगळं राखलं आणि माझ्यापायी एक मुंगी मेली नाही. घरी आलेले पावणे म्हणायचे, "आण्णा, कपाट लई झ्याक हाय." मी फुगायचो.

आण्णा गेले. २००४ साली त्यांच्या मुलानं, जिनेशनं, राजारामपुरीत फ्लॅट घेतला.

"आई, हे काळंकुट्ट धूड हॉलमध्ये कसं शोभणार?" सून रुचिता म्हणाली.

"मग सैपाकघरात ठेव की."

"तिथं फ्रिज येणार हाय," जिनेश म्हणाला. "टाकत न्हाय गं मी. जरा मॉडर्न करून घेतो."

मॉडर्न! या शब्दावर थुंकावंसं वाटतं मला. फर्निचरवाला आला. मला आडवं पाडून म्हणाला, "साहेब, आता सगळं जमिनीला टेकलेलं चालतंय. पायबिय कोण ठेवतंय?" करवतीनं चारी पाय गेले. जाळी उचकटून काच बसवली. अंगभर चिकट लगदा फासून वर सनमायका डकवलं. त्या सनमायकावर काय छापलेलं होतं, सांगू? लाकूड! अस्सल सागावर लाकडाचं चित्र! पोटात दिवे लावले, प्लास्टिकची द्राक्षं ठेवली आणि हॉलमध्ये मांडलं. बघायला येणारे "वा, वा" करत होते.

चंदनाबाईंचा हात मात्र जुनाच. जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहा दिवसांचे उपास धरण्याआधी त्यांनी सवयीनं गुळाचा रवा माझ्यातच ठेवला. पाय नाहीत, राख नाही. पर्व सुरू झालं आणि मुंग्यांची रांग फरशीवरून सरळ आत शिरली. जिनेशनं बघितलं आणि विषारी फवारा मारला.

चंदनाबाई बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन घेऊन आल्या. त्यांनी काच सरकवली. गुळावर, द्राक्षांवर मेलेल्या मुंग्यांचा काळा थर आणि फवाऱ्याचा उग्र दर्प.

"कुणी मारल्या ह्या?"

"मीच. मुंग्याच की त्या, आई."

"पर्वात? माझ्या घरात?"

"मग गूळ तिथं कुणी ठेवला?"

"मीच ठेवला. तीस वर्षं ठेवत आले. तवा एक मेली न्हाय. ह्याचं पाय कुणी कापलं, सांग की!"

रुचिता हळूच म्हणाली, "पण आई, दिसायला किती छान झालंय."

"मसणात घाल ते दिसणं!"

उपासात चंदनाबाई दिवसातून एकदाच पाणी घ्यायच्या. त्या दिवशी तेही घेतलं नाही. "जीव मेलेल्या घरातलं घोटभर न्हाय घेणार," म्हणाल्या आणि माझ्यासमोर फरशीवर बसून राहिल्या. ओठ सुकून पांढरे पडले. जिनेश घाबरला. फ्लॅटात चूल कुठली? स्कूटर काढून त्यानं भडभुंज्याकडून पिशवीभर राख मागून आणली. चार विटा चार ताटल्यांत ठेवल्या, त्यांभोवती राख पसरली आणि मला पुसून वर चढवलं. हॉलमध्ये नव्हे, सैपाकघरात, फ्रिजला खेटून. मग चंदनाबाईंनी पाणी घेतलं.

आता माझं सनमायका कोपऱ्यातून सुटलंय. ना जुना राहिलो, ना नवा झालो. कापलेले पाय काही परत आले नाहीत. मित्रांनो, जुन्याला जरूर नवं करा. घासा, रंगवा, माझी तक्रार नाही. पण करवत लावण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढं विचारा, की हे पाय कशासाठी होते?

कालच एक मुंगी आली होती. राखेपाशी थांबली, मिशा हलवल्या आणि परत गेली. जिवंत.