सर्दीमास्तरांचा अवतार

देवी बोलते म्हणून अर्धी डोंबिवली त्या मंगल कार्यालयात लोटली होती. १९९९चा फेब्रुवारी, गुरुवारची संध्याकाळ.

चौरंगावर लाल रेशमी वस्त्र, मागे मुखवटा, त्यामागे पडदा. भक्ताने आपला कागद वस्त्राखाली उपडा सरकवायचा. मग वस्त्राखालून एक पांढरी ज्योत हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सरकायची. बायका हात जोडायच्या. चांगदेव महाराज एकशे आठ जप करायला लावायचे, आणि जप संपता संपता देवी तो कागद घडाघडा वाचायची. इंग्रजीत! तेही पुरुषाच्या आवाजात!

"माता अर्धनारी रूपात प्रकटली आहे," महाराज सांगत. "आणि इंग्रजी ही कलियुगाची देववाणी. घाबरू नका, अर्थ मी सांगतो. कागद मात्र छापील हवा. हातानं खरडलेलं मातेला चालत नाही. आणि शुक्रवारी मातेचं मौन असतं."

आमच्याकडे शुक्रवारी लाइट जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण देवीच्या मौनाशी त्याची सांगड घालणार कोण?

काळुराम नावाचा कामगार कंपनीचं पत्र घेऊन पुढे आला. देवीने वाचलं. महाराज म्हणाले, "घरीच थांब. काम तुझ्या पायाशी चालत येईल."

मी ताडकन सरळ बसले. मी पोस्टात नोकरी करते, इंग्रजी मला कळतं. पत्रात होतं की हा कारखाना बंद होतोय, नोकरी टिकवायची असेल तर वीस तारखेच्या आत अंबरनाथच्या कारखान्यात हजर व्हा. पहिल्या रांगेत दोन प्रोफेसर होते. त्यांनाही कळलंच असणार, पण ते माना डोलावत बसले. न शिकलेल्याची फसगत मी समजू शकते. शिकलेल्यांच्या या डोलण्याने माझं डोकं फिरतं.

मला तिथे आणलं होतं जनाबाईंनी. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, मासळी विकून लेकीला शिकवणाऱ्या. लेक मालू नवव्या वर्षी आंधळी झाली. आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि परीक्षेला बावीस दिवस उरले होते. ठाकुर्लीच्या अंध विद्यार्थी केंद्रात तिच्यासारख्या मुलांसाठी कुणीतरी एक कॉम्प्युटर देणगीदाखल दिला होता. स्कॅनरच्या काचेवर पुस्तक उपडं ठेवायचं, की यंत्र त्याचा फोटो घेतं, त्यातली अक्षरं ओळखतं आणि मोठ्याने वाचतं. आवाज नाकातला, म्हणून मुलांनी त्याचं नाव ठेवलं होतं सर्दीमास्तर. मालूने वर्षभर त्याच्याकडून इतिहास ऐकला, त्यावरच आपल्या नोट्स टाइप केल्या. दोन महिन्यांपूर्वी केंद्राचे सेक्रेटरी देवराम म्हणाले, "मशीन बिघडलंय, रिपेरला पाठवलंय." तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिला वाचून दाखवत होते. घसा बसला तरी तीन पुस्तकं बाकीच होती, आणि नोट्स गेल्या त्या गेल्याच. जनाबाई हताश होऊन देवीकडे आल्या होत्या.

तेवढ्यात मालूने माझं मनगट आवळलं.

"ताई, हे तर आपले सर्दीमास्तर!"

"काय?"

"शप्पथ! मी हा आवाज वर्षभर ऐकलाय. परीक्षा माझ्या डोक्यावर आहे आणि हे इथे देवी बनून बसलेत?"

मी काही बोलण्याआधीच महाराजांनी जनाबाईंना पुढे बोलावलं. "पाया पर गो, मालू," म्हणत त्यांनी लेकीला चौरंगापाशी नेलं. मालू वाकली. तिचा हात वस्त्राखाली गेला, काचेवरून फिरला, काठाला लागला, आणि काठाची वायर तिला सापडली. वायर धरून ती सरळ पडद्याआड शिरली.

"ए, ए! इकडे कुठे?" आतून ओरडा आला. देवरामांचा!

मी धावत जाऊन पडदा ओढला. टेबलावर कॉम्प्युटर, स्पीकर, आणि खुर्चीत घामाघूम सेक्रेटरी. मालूने चाचपून कीबोर्ड गाठला होता.

"पापिणी, मातेचा कोप होईल!" महाराज गरजले.

"होऊ दे," मालू म्हणाली. तिने एक बटण दाबलं. मालूची बोटं सरसर चालली आणि देवी पुन्हा बोलू लागली.

"आता अर्थ मी सांगते!" मी ओरडले. "देवी म्हणतेय, 'मालूच्या नोट्स. इतिहास, पेपर चौथा. अठराशे सत्तावनच्या उठावाची कारणं.' ऐका नीट! हा आंधळ्या मुलांचा कॉम्प्युटर आहे. ज्योत म्हणजे स्कॅनरचा दिवा. जप कशाला? यंत्राला अक्षरं ओळखायला वेळ लागतो म्हणून. आणि काळुराम, घरी थांबू नका! वीस तारखेच्या आत अंबरनाथला हजर व्हा, असं लिहिलंय तुमच्या पत्रात."

"आज तर अठरा तारीख," काळुराम पुटपुटला. मग त्याने महाराजांकडे असं पाहिलं, की महाराज जिन्याच्या दिशेने सरकू लागले. प्रोफेसर दोघं आपापल्या चपला शोधत होते.

मशीन आम्ही त्याच संध्याकाळी रिक्षात घालून केंद्रात परत आणलं. जनाबाई अख्ख्या वाटेवर मॉनिटर मांडीवर धरून होत्या. टेबलावर ठेवल्यावर त्यांनी कनवटीची कुंकवाची पुडी काढली.

"आई, नको," मालू म्हणाली. वास तिला आला असावा. "याला देव केलंस, तर कुणीतरी पुन्हा पडद्याआड नेईल. हे माणसांनी केलंय. बिघडलं तर माणसं दुरुस्त करतील. त्याला कुंकू नको, त्याच्यापुढे पुस्तक ठेव."

जनाबाईंनी पुडी पुन्हा कनवटीला खोचली, पदराला हात पुसले आणि इतिहासाचं पुस्तक काचेवर ठेवलं, सुलटं.

"उपडं, आई," मालू म्हणाली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली.

वाचकहो, पुढच्या वेळी कुणी तुम्हाला देवाच्या बोलण्याचा अर्थ सांगू लागला, तर हात जोडू नका. हात पुढे करा आणि वायर कुठे जाते ते बघा. एका आंधळ्या मुलीला जे जमलं, ते डोळे असलेल्या चारशे जणांना का जमू नये?